शामलाला पाडण्याचा निश्चय

२० डिसेंबर १९३८
आजपासून रोजनिशी. खोटे लिहायचे नाही. सक्करदऱ्याच्या महिला आखाड्यात यमुताईंनी पट हा डाव शिकवला. खाली वाकून समोरचीच्या पायांत शिरायचे, गुडघ्यामागे हात घालून पाय उचलायचा, पाठ टेकली की छातीवर बसायचे. फारच सोपे. शामलाने मला आपटले. पुन्हा आपटले. ओठ फुटला. शिकताना पडलेले मात्र धरायचे नसते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमची दोघींची झुंज. लकडगंजच्या मुलींच्या शाळेला ड्रिल टीचर हवी आहे, हेडमिस्ट्रेसबाई स्वतः बघायला येणार. जिंकेल तिला नोकरी. बाबा म्हणाले, नोकरी लागली तर लग्नाचे दोन वर्षांनी बघू. नाही तर नरखेडचे स्थळ, संत्र्याच्या बागेसकट. मला टीचर व्हायचे आहे. ठरले.

२३ डिसेंबर
शिरताना माझा पाय शामलाला लागला. बाबांनी घरी अक्षरांच्याही आधी शिकवलेले: पाय लागला की वाकून नमस्कार. वाकले. तिने नाकावर गुडघा घातला. रक्त.
यमुताई ओरडल्या, "काहून वं तारा, कुस्ती करून राहिली का पूजा?"
कोण कोण हसले ते लक्षात ठेवले आहे. सवय काय, उद्यापर्यंत जाईल.

२४ डिसेंबर
गेली नाही. डावा डोळा बंद. उजव्याने स्वच्छ दिसते.

२८ डिसेंबर, सकाळ
घरी प्रॅक्टिस. नानाजी काका ओसरीवर पाठमोरे उभे होते. पट अप्रतिम लागला! काका पायऱ्यांवरून खाली, पाण्याचे घंगाळ त्यांच्यावर. एक दात पडला. तो आधीच हलत होता, असे मी त्यांना समजावले. ताबडतोब नमस्कारही घातला. काका म्हणाले, "पाडते बी तूच अन् पाया पडते बी तूच."
प्रायश्चित्त म्हणून गूळ सोडला. तिळगूळ त्यात धरायचा का, हे कोणाला तरी विचारले पाहिजे.

५ जानेवारी १९३९
उपाय सापडला. शामलाचे नमस्कार आगाऊच घालून टाकायचे, म्हणजे झुंजीत काही देणे उरत नाही. आज घातले. ती म्हणाली, "अवं, मी काय तुयी सासू हाय?"
पण गुण आला! पाय लागला तरी वाकले नाही. तिला खांबावर भिरकावले. कपाळ फुटून ती खालीच बसली. वाईट वाटले, पाणी पाजायला गेले. पाणी पिता पिता तिने माझा हात पिरगळला. यमुताईंनी झुंज थांबवली नव्हती म्हणे.
हा तिचा अप्रामाणिकपणा. विजय माझाच.

१४ जानेवारी, सकाळ
काष्टा घट्ट. शामलाला आगाऊ नमस्कार भरपूर घातले. नोकरी मिळाल्यावर हेडमिस्ट्रेसबाईंचे आभार कसे मानायचे, तेही पाठ आहे.

१६ जानेवारी
उजवा खांदा निखळला. डाव्या हाताने लिहीत आहे.
पट लागला होता, हे आधी लिहून ठेवते. शामला माझ्या दंडाला चावली, तरी सोडला नाही. तिला उताणी पाडली. बायका वाणाची ताटे टाकून उभ्या राहिल्या. फक्त छातीवर बसायचे उरले होते. तेवढ्यात माझी टाच पुढच्या रांगेतल्या एका बाईंच्या नडगीला लागली. आणि आगाऊ नमस्कार तर फक्त शामलापुरतेच होते.
मी शामलाला सोडले, वळले आणि वाकले. मागून तिने मान धरून मला जमिनीवर आदळले. खांद्याचा आवाज भिंतीपर्यंत गेला असे म्हणतात.
नोकरी शामलाला.
त्या बाई म्हणजे नरखेडच्या रुखमाबाई, मुलाची आई. लंगडत घरी येऊन बाबांना म्हणाल्या, "एवढ्या मारामारीतही पोरगी पाया पडली. मले हीच सून पाहिजे."
बाबांचे डोळे भरून आले. आपण दिलेले शिक्षण वाया गेले नाही, म्हणाले. फाल्गुनातला मुहूर्त.

संध्याकाळ
शामला बघायला आली. पुढच्या सोमवारपासून शाळा, शिट्टी मिळणार, सगळे सांगितले. उठताना तिची लाथ खाटेवरच्या माझ्या पायाला लागली. ती थांबलीसुद्धा नाही.
नमस्काराला माझाच डावा हात कपाळाला गेला.