जुन्या आवाजाची वाटणी

मी, भैरवी धोंडबा धकाते, वय अठ्ठावन्न, धंदा आवाजाची शिकवणी, राहणार धरमपेठ, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. हृदयाची खात्री डॉक्टर देत नाहीत, म्हणून घाई. जन्माच्या वेळी ठेवलेले मुलाचे नाव सोबतच्या राजपत्रात आहे. हवे त्याने तिथे वाचावे, मला ते लिहिण्याचा कंटाळा आला आहे.

१. शिकवणीची खोली माझ्या स्वकमाईची असून ती केयूर याला द्यावी. तो आधी माझा विद्यार्थी होता, आता जोडीने शिकवतो. मुलगी म्हणून वाढला. औषधांनी आवाज फुटला तेव्हा तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना, ते आम्ही याच खोलीत बसून शोधले. अट एकच: ज्यांना आपला आवाज आपला वाटत नाही, त्यांच्यासाठी दार उघडे राहावे. बाई की पुरुष असे दारात विचारू नये, काहींना दोन्ही नको असते.

२. पेटी, आरसा, पेले आणि नळ्या खोलीतच राहतील. नवीन येणाऱ्याला आधी नळीने पाण्यात बुडबुडे काढायला लावावे. बायकी आवाज हवा असणाऱ्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी तो बारीक करायचा असतो. गळा आवळून बारीक केलेला आवाज मांजराचा होतो. सूर चढवण्याआधी आवाज छातीतून ओठांपाशी आणावा. आणि घरी एक, बाहेर एक असे दोन आवाज कोणाला वापरू देऊ नये, घसा जातो. मी स्वतः काय करते ते पाचव्या कलमात आहे.

३. उमरेडच्या घरातला माझा हिस्सा भाऊ केशव याला. वडिलांच्या मयतीला त्याने मला फाटकाबाहेर उभे ठेवले आणि आईला सांगितले की थोरला नोकरीसाठी दूर असतो. हिस्सा देते म्हणजे माफ केले असे समजू नये. भांडायला त्राण नाही, एवढेच.

४. फोनवर "सर, मॅडमना द्या" म्हणणाऱ्या सर्वांना काहीही नाही.

५. राहिला माझा जुना आवाज. आई, मैनाबाई, उमरेडला केशवजवळ राहते, तिची दृष्टी गेली आहे. ती मला आवाजावरून ओळखते, आणि तिला ठाऊक आहे तो पूर्वीचाच. आमचे कोष्ट्यांचे घर. मागाच्या खडखडाटात सगळे ओरडूनच बोलायचे, तसा छातीतून काढलेला जाड आवाज. दर रविवारी तो काढून मी तिला फोन करते आणि सोमवारी घसा बसलेला असतो. माझ्यामागे फोन आला नाही तर ती वाट बघत बसेल, याची मला मरणापेक्षा जास्त धास्ती आहे. केयूरचा आवाज अगदी त्या आवाजावर गेला आहे. म्हणून रविवारचा फोन त्याच्याकडे सोपवायचे ठरवले आणि त्याला विचारले.

तो नळी बोटांत फिरवत बसला. मग म्हणाला, "ताई, खोली नका देऊ पाहिजे तर. पण हा आवाज मले किती मुश्किलीनं भेटला, तुमाले माहीत आहे. मी त्याच्यातून दुसऱ्याचं नाव नाही सांगू शकत. अन् तुमच्या मायले तुमचाच आवाज माहीत नाही, हे तुमाले बरं वाटते काय?"

मला राग आला. थोड्या वेळाने तोही टिकला नाही, कारण पोरगा खरे बोलत होता. येथवर शनिवारी लिहिले.

६. काल रविवारी माझ्या आवाजात फोन केला. म्हटले, "आई, मी बोलून राहिली. तुहं थोरलं लेकरू. आता माहं नाव भैरवी आहे." पलीकडे खुडबुड झाली, केशवने फोन हिसकावला असे वाटले. मग आई म्हणाली, "घरातला माग बंद होऊन जमाना झाला. एवढे वर्सं ओरडून काहून बोले वं तू?"

सबब पाचवे कलम रद्द. जुना आवाज कोणाच्याही नावे करायचा नाही. मी गेल्यावर आईला केयूरनेच फोन करावा, स्वतःचे नाव सांगावे, आणि हळू बोलावे.

लिहून ठेवणार: भैरवी धोंडबा धकाते (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
देवकी सोनकुसरे, शिलाईचे दुकान, तळमजला (सही)
प्रेमलता देशकर, वाचा-उपचारतज्ज्ञ (सही)

नागपूर, सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५