किल्ल्यातल्या खुर्च्या

बाबा, काल मी तुमच्या ऑफिसात जाऊन आले. तिकीट काढून गेले. ज्या काटेरी तारेच्या आत तुम्ही मला कधी पाऊल टाकू दिलं नाहीत, ती तारच आता नाही. मिलिटरी लाल किल्ल्यातून गेली त्याला वीसेक वर्षं झाली, आणि सत्तावन्ननंतर गोऱ्यांनी बादशहाचे महाल पाडून बांधलेल्या त्या उंच बराकी आता घासूनपुसून म्युझियम केल्यात. आत एसी आहे, बरं का. तुम्ही जूनमध्ये घरी आल्यावर पाठीवरचं घामोळं आईपुढे धरायचात, त्याच खोल्यांतून आता पोरंपोरी गार वाऱ्यात सेल्फी काढत फिरतात. नमस्कार वगैरे मी लिहिणार नाहीये. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली, तरी मी भांडायलाच बसलेय, आणि या खेपेला मध्येच उठून तुम्हाला गॅलरीत जाता येणार नाही.

आधी मूळ भानगड सांगते, तुम्हाला ती सोयीस्करपणे आठवत नसेल म्हणून. तुम्ही दफ्तरी होतात. फाइली शिवायच्या, गठ्ठे बांधायचे, कपाटात लावायचे आणि हाक आली की चहापासून खुर्च्यांपर्यंत जे पडेल ते करायचं. यात वाईट काय होतं? काहीही नव्हतं. पण मामा पहिल्यांदा कराडहून आला, आपल्या क्वार्टरच्या भिंतीवर ‘टाइप वन’ लिहिलेलं त्यानं वाचलं आणि त्याचे डोळेच विस्फारले. वन म्हणजे एक नंबर, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा! दिल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल की टाइप वन म्हणजे सगळ्यात खालचं क्वार्टर, एक खोली आणि स्वैपाकघर, साहेबलोक राहतात ते पाच-सहा नंबरात. पण कराडला कोण सांगणार? मामा तुमच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “दाजी, एवढ्या लवकर एक नंबर? मानलं बुवा!” आणि तुम्ही काय केलंत? हसलात. चहाचा कप उचललात आणि हसलात. तेवढ्या हसण्यावर तुम्ही कराडात ‘किल्ल्यातले साहेब’ झालात. खोटं तुम्ही एकही बोलला नाहीत, हे मला मान्य आहे. खरंही बोलला नाहीत.

मग दर दिवाळीला, दर मे महिन्यात पाहुणे. दिल्लीत मराठी माणसाचं घर असलं की ते घर कसलं, धर्मशाळाच असते. एका खोलीत नऊ-नऊ माणसं झोपायची आणि सकाळी सगळ्यांना दिल्लीदर्शन. तुम्हाला रजा नसायची, आईला पोळ्यांतून मान वर काढायला फुरसत नसायची, म्हणून पाचवीपासून गाइडचं काम माझ्या गळ्यात. तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं सगळं, हा नौबतखाना, हा दिवाण-ए-आम, इथे मयूरासन होतं. आणि शेवटी एक ताकीद. तारेकडे जायचं नाही, बराकींकडे बोट करायचं नाही, कोणी विचारलं तर सांगायचं, गोऱ्या शिपायांच्या बराकी आहेत, त्यात बघण्यासारखं काही नाही. मी तस्संच सांगायचे, अगदी तुमच्या आवाजात. पाहुणे म्हणायचे, पोरगी भारी हुशार आहे हो!

सहावीत होते मी. दिवाळीची सुट्टी. मामा, मामी आणि माझा मामेभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, ज्याला मी अजून दादाच म्हणते. दिवाण-ए-आम झाला, आणि दादाला बंदुकवाले शिपाई बघायचे होते म्हणून तो तारेकडे पळाला, त्याच्यामागे आम्ही. तारेपलीकडे हिरवळीवर कुठल्याशा बड्या साहेबाच्या भेटीची तयारी चालली होती. आणि तिथे तुम्ही होतात. अंगात खाकी कपडे. बाबा, मी तुम्हाला खाकीत कधीच पाहिलं नव्हतं! घरून तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघायचात, खाकी ऑफिसातच ठेवायचात, तिथेच बदलायचात, हे मला त्या क्षणी कळलं. दोन्ही हातांत दोन-दोन लाकडी खुर्च्या घेऊन तुम्ही येत होतात, मान पुढे काढून, आणि एक सुभेदार मागून ओरडत होता, “जल्दी कर, जल्दी कर.” मामा आणि दादा शिपायांच्या बंदुका बघण्यात दंग होते. मामी म्हणाली, “अगंबाई, ते तुझे बाबा का गं? अगदी तसेच दिसतात.” मी म्हटलं, “नाही. ते कोणी दुसरेच आहेत. बाबा आत बसतात, साहेबांच्या खोलीत.” आपल्यात दहा पावलांचं अंतर नव्हतं. तुम्ही ओळख दाखवली नाहीत. मीही नाही. तुम्ही पाठ फिरवलीत, खुर्च्या रांगेत लावल्यात आणि बराकीत गेलात.

संध्याकाळी तुम्ही पांढऱ्या शर्टात परत आलात, मामाशी पत्ते खेळलात, दादाशी गॅलरीत पंजा लढवलात. मी कोपऱ्यात बसून होते. आज मार पडणार, नक्की पडणार. पडला नाही. चार दिवसांनी पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही करोल बागेतून एक हिरवं शाईचं पेन घेऊन आलात. स्वैपाकघरात आई पोळ्या लाटत होती, मी कणकेचे गोळे करत होते. तुम्ही पेन माझ्या पिठाच्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, “त्या दिवशी तू बरोबर बोललीस. शहाणी आहेस.” आईचं लाटणं थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं. तिनं मरेपर्यंत या विषयावर अवाक्षर काढलं नाही.

आता ऐका. मला तुमचा राग खुर्च्यांचा नाहीच. खाकीचाही नाही. राग पेनाचा आहे. बापाला ओळखत नाही म्हणणाऱ्या पोरीच्या तुम्ही सणसणीत कानाखाली वाजवायला हवी होती. तुम्ही बक्षीस दिलंत! अकरा वर्षांच्या मुलीला तुम्ही शिकवलंत की आपला बाप लपवायची गोष्ट आहे आणि ती जी नीट लपवते ती शहाणी. आणि मी इतकी शहाणी झाले की विचारू नका. पहाडगंजच्या आपल्या मराठी शाळेत बाई विचारायच्या, वडील काय करतात? मी म्हणायचे, किल्ल्यात असतात. कॉलेजच्या फॉर्मवर लिहिलं, सरकारी सेवा. लग्नाच्या वेळी सासरच्यांना सांगितलं, संरक्षण खात्यात होते. तुमच्यासारखंच, खोटं एकही नाही. ते पेन मी आजवर एकदाही वापरलं नव्हतं, फेकलंही नव्हतं.

मी मानेसरला गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या एका फॅक्टरीत पर्सोनेलला आहे, हे तुम्हाला माहीत नाही. गेल्या महिन्यात तिथे फॅमिली डे होता. कामगारांच्या बायकामुलांना कंपनीच्या बसमधून आणतात, शॉप फ्लोअर दाखवतात. एक सात-आठ वर्षांची मुलगी, दोन वेण्या, माझा हात धरून चालत होती. प्रेस मशीनपाशी आलो आणि तिनं अशी किंकाळी फोडली, “पापाऽऽ! वो मेरे पापा हैं!” तो माणूस तेलानं माखलेला, तोही हसून हात हलवायला लागला. मी बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि ढसाढसा रडले, या वयात. त्याच दिवशी ठरवलं की हे आता पुरे. एकदा तरी त्याच जागी उभं राहून खरं बोलायचं, तुम्हाला चालो न चालो.

आणि दादाच आला. रिटायर झालाय, वहिनीला घेऊन दिल्ली बघायला. म्हटलं, चलो, लाल किल्ला मीच दाखवते. मेट्रो आता थेट दारात सोडते. नौबतखाना, दिवाण-ए-आम, सगळं तुमच्या शब्दांत सांगितलं, अजून पाठ आहे. मग मी त्यांना डावीकडे वळवलं. बराकीपुढे मोठा बोर्ड आहे. किल्ला कधी फौजेच्या ताब्यात गेला, बराकी कोणी बांधल्या, कोणत्या फौजा राहिल्या. मी तो वरून खालपर्यंत दोनदा वाचला. दफ्तरी, भिश्ती, चपराशी, एकाचाही उल्लेख नाही, फाइली काय आपोआप शिवल्या गेल्या? हे मी इतक्या मोठ्यांदा बोलले की शेजारचं जोडपं बघायला लागलं.

हिरवळीवर संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, पांढऱ्या अभ्र्यांच्या. मी सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसले. गार्ड धावत आला. “मैडम, उठिए, ये वीआईपी के लिए हैं।” मी म्हटलं, “मेरे पिताजी ने छब्बीस साल यहाँ कुर्सियाँ लगाई हैं। एक बार भी बैठे नहीं। मैं दो मिनट बैठूँगी, बिल्कुल दो मिनट।” त्यानं विचारलं, “फौज में थे?” मी म्हटलं, “नहीं। चपरासी समझ लो। दफ्तरी थे, उस बैरक में।” तो म्हणाला, “बैठिए आंटी। मेरी बेटी भी पूछती रहती है, पापा वहाँ करते क्या हो।” आणि पाठ करून उभा राहिला, मला कोणी उठवू नये म्हणून.

दादाचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. “काय बोलतेस काय तू? चपराशी? काका अधिकारी होते!” तुम्हाला तो काकाच म्हणायचा. मी म्हटलं, नव्हते. त्याला त्या दिवसाची गोष्ट सांगितली, खाकी, खुर्च्या, सुभेदार, मामीचा प्रश्न, माझं उत्तर. तो मानायलाच तयार नाही. “तू लहान होतीस, तुला नीट आठवत नसेल. अगं, टाइप वन क्वार्टर होतं तुमचं!” बाबा, मला हसू आवरेना. पंचेचाळीस वर्षं झाली, आणि कराडात तुम्ही अजून एक नंबर! मी त्याला सगळे टाइप समजावून सांगितले. तो लाल झाला. म्हणाला, “माझं लग्न जमवताना आमच्या बाबांनी हिच्या घरी हेच सांगितलं होतं, दिल्लीला माझे मेहुणे मोठे अधिकारी आहेत. आता हे कशाला उकरून काढायचं? गेलेल्या माणसाची अब्रू घालवतेस.” मी म्हटलं, “अब्रू? सव्वीस वर्षं एक दिवस उशिरा गेले नाहीत, एक टाचणी घरी आणली नाही. ही अब्रू. तू म्हणतोस ते मामाच्या डोक्यातलं क्वार्टर होतं.” तेवढ्यात वहिनी म्हणाली, “अहो, मी काय काकांचा हुद्दा बघून तुमच्याशी लग्न केलं?” आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. दादा उभाच राहिला. परतताना मेट्रोत माझ्याशी बोलला नाही. न का बोलेना. कराडला फोन लावून मी स्वतः सांगणार आहे सगळ्यांना, एकेकाला.

असं ठणकावून घरी आले. वाटलं होतं, आता शांत झोप लागेल. सकाळी उठून हे लिहायला घेतलं, पेनात शाई भरली, तेच हिरवं पेन, निब अजून चांगली आहे. आणि इथवर लिहून हात अडलाय. कारण वर मी लिहिलंय की तुम्ही ओळख दाखवली नाहीत. कालही दादाला तसंच सांगितलं. आजवर स्वतःलाही तसंच सांगत आले, त्याच्याच जोरावर तर तुमच्याशी इतकी वर्षं भांडले. ते खोटं आहे, बाबा. हे सरळ सरळ खोटं आहे.

मामीनं विचारायच्या आधी तुम्ही मला पाहिलं होतंत. तुम्ही उजव्या हातातल्या दोन्ही खुर्च्या गवतावर ठेवल्यात, सुभेदार मागे ओरडत असताना, आणि हसून हात वर केलात. मी तो हात पाहिला. मग मामीनं विचारलं, आणि मी नाही म्हटलं. तुम्ही वर केलेला हात तसाच डोक्यावरून फिरवलात, केस सारखे केल्यासारखा, आणि खुर्च्या उचलल्यात.

पेन तुम्ही बक्षीस म्हणून नाही, माझं ते ‘नाही’ मला लागून राहू नये म्हणून दिलंत, हे मला आता कळतंय. हे पत्र कुठे पाठवणार! घडी घालून पेनाच्या डबीखाली ठेवते.