नंबर तोच निघेल

अहो,

पॅडलच्या आसाखालचा रंग आता खरवडत बसू नका. तिथे कोरलेला नंबर तोच निघेल. तुमच्या जुन्या दोस्ताच्या, लंबूभावजींच्या मुलीने दुकानात दुरुस्तीला आणून दिलेली सायकल तुमचीच आहे, शर्यतीची. त्या पोरीला बिचारीला यातलं काही ठाऊक नाही.

काल नळ्यांच्या जोडावरची नक्षी पाहून तुम्ही म्हणालात, "नंबर जुळू दे, मग त्या चोराच्या दारातच जाऊन उभा राहतो." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. सकाळपासून दोनदा चपला घालून दुकानाकडे निघाले आणि दोनदा परत आले. तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहिते.

सायकल चोरीला गेलीच नव्हती. उतारावर पडून तुम्ही महिनाभर अंथरुणाला खिळला होता. मला सातवा महिना होता आणि तुमच्या तोंडी पुढच्या शर्यतीशिवाय विषय नव्हता. मीच ती भावजींच्या हवाली केली आणि तुम्हाला कधी कळू देणार नाही, अशी शपथ त्यांच्याकडून घेतली. आपल्या खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची, म्हणून तुम्ही त्यांनाच चोर ठरवलंत. त्यांनी शिव्या खाल्ल्या, चाळीस वर्षं तुमचा अबोला सोसला, पण शब्द मोडला नाही. आणि मी गप्प बसून पाहत राहिले.

आता त्यांना शपथेतून मोकळं करायला त्यांच्याच घरी चालले आहे. तुम्हाला मला जे सुनवायचं असेल ते तिथे येऊन, त्यांच्यादेखत बोला. फक्त सायकलवर येऊ नका. ब्रेकची तार अजून बसवलेली नाही.