पर्याय असेल तरच बोला

सोमवार, २ फेब्रुवारी

झालं! मंजूर! अधीक्षकांनी ताटांच्या योजनेवर सही केली. महिनाभराची खटपट फळाला आली. आजवर आमच्या रुग्णालयात मोठी पातेली वॉर्डात जायची आणि वाढपी बाई, जिला सगळे पळीताईच म्हणतात, खाटेखाटेपाशी उभी राहून वाढायची. जेवण निवायचं, सांडायचं, शेवटच्या खाटेला नुसतं पाणीदार उरलेलं. आता ताटं स्वयंपाकघरातच भरायची. वर झाकण, झाकणावर खाटेचा नंबर. पळीताईनं ताट ठेवायचं आणि पुढे जायचं. एकोणतीस वर्षं इथला आहार विभाग सांभाळतेय, हे आधीच सुचायला हवं होतं.

दुपारी बैठक घेतली. आचारी, ढकलगाडीवाला, पळीताई. माझा नियम सगळ्यांना पाठ आहे — रडगाणं नको, पर्याय असेल तरच बोला. पळीताई म्हणाली, "बाई, पण —" मी विचारलं, "पर्याय आहे?" ती नखं बघत राहिली. "नाही." "मग?" "मग हरकत नाही." आचारी म्हणाला, "आता हिला ताटताई म्हणायचं का?" सगळे हसले. तीही हसली. इतिवृत्तात मी लिहिलं — कोणाचीही हरकत नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

बत्तीस खाटा, एकोणीस मिनिटं! शेवटच्या खाटेचं सूपसुद्धा वाफाळत होतं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आठवडाभर एक तक्रार नाही. जेवताना ह्यांना नियमाबद्दल सांगत होते. म्हणाले, "घरी मी तुझ्यापुढे दोन पर्याय घेऊन येतो. एक तू फेटाळायला." चाळीस वर्षं शाळेत मुलांना हसवलं, ती सवय जात नाही. मी म्हटलं, "मग दुसरा तरी बरा आणत जा."

मंगळवार, १७ फेब्रुवारी

अकरा नंबरचा सुतार गेला.

काल रात्री अर्धांगाचा झटका आला म्हणून आणला होता. उजवी बाजू लुळी, बोलणं अडखळत. आज अकरा वाजता डॉक्टरांनी त्याच्या तक्त्यावर लिहिलं, गिळता येत नाही, घन पदार्थ बंद. पण स्वयंपाकघराची यादी नऊ वाजताच झालेली. त्यात तो 'नेहमीचं जेवण'. ताट भरलं, झाकलं, गेलं. भुकेला माणूस. डाव्या हातानं झाकण काढलं असेल. नर्स दोन खाटा पलीकडे होती, धावली, पण घास निघाला नाही.

ताट मी स्वतः परत आणलं. पाव तसाच. बटाट्याच्या दोन फोडी कमी.

बुधवार, १८ फेब्रुवारी

त्याची बायको त्याचा चष्मा मागायला आली होती. चष्माच फक्त. मला "ताई, तुमचं कुणी आहे का इथे?" असं विचारलं. मला कुणाची तरी नातेवाईक समजली. मी नाही म्हटलं आणि चालू लागले.

अधीक्षकांनी बोलावलं. अहवाल तयारच होता. 'वाढणाऱ्या कर्मचारी स्त्रीनं रुग्णाचा तक्ता पाहिला नाही.' म्हणाले, "बैठकीत तिनं हरकत घेतली नव्हती ना? तुमच्याच अक्षरात आहे." आहेच. "विभागप्रमुख म्हणून सही करा."

केली.

पळीताई निलंबित.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

दोन दिवस जेवण जात नाही. शेवटी ह्यांना सगळं सांगितलं. थट्टा केली नाही. एवढंच विचारलं, "तिला तेव्हा काय म्हणायचं होतं?"

"पण, म्हणाली."

"पुढे?"

"पुढे मी बोलू दिलं नाही."

हे उठले, माझं ताट उचललं आणि धुवायला गेले. काहीतरी टोचून बोलले असते तर बरं झालं असतं.

रविवार, २२ फेब्रुवारी

पळीताईच्या घरी गेले. दुसरा मजला, अरुंद जिना. बहिणीनं दार उघडलं, मला ओळखलं, आणि आत या असं म्हणाली नाही. पळीताईच बाहेर आली. "येऊ दे गं, बाई आहेत." खुर्ची एकच. तिनं मला दिली. स्वतः उभी.

मी विचारलं, तेव्हा काय सांगणार होतात?

"आता कशाला, बाई?"

"मला ऐकायचंय."

मग सांगू लागली. "मी वाढायचे तेव्हा नवीन माणसाचा पहिला घास बघायचे. कुणी सांगितलं नव्हतं. नुसती सवय. ठसका लागला की नर्सला हाक मारायचे, ताट मागे घ्यायचे. वर्षात चार-पाच तरी निघायचे असे. सकाळी यादीत असतो तो माणूस दुपारी तसाच असतो असं नाही ना. ताट ठेवून पुढे जायचं म्हटल्यावर तो पहिला घास कोण बघणार?"

"मग म्हणाला का नाहीत?"

"तुम्ही पर्याय विचारलात. तो कुठे होता माझ्याकडे? नुसती भीती होती."

मला तिच्याकडे बघवेना. निघताना तिची बहीण म्हणाली, "सही करताना हात थरथरला का हो?" पळीताईनं तिला गप्प केलं नाही. खरं तर थरथरला नव्हता. तेच लिहायला जड जातंय.

सोमवार, २३ फेब्रुवारी

सही मागे घेतली. अधीक्षकांना पत्र दिलं — तिनं शंका काढली होती, मी तिचं बोलणं तोडलं, इतिवृत्त मी चुकीचं लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "कशाला पायावर धोंडा मारून घेताय? वर्षभरात निवृत्त व्हाल." मी म्हटलं, धोंडा माझाच आहे, पडला दुसऱ्याच्या पायावर.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

पुन्हा बैठक. मी म्हटलं, पर्याय नकोत, फक्त काय खटकतं ते सांगा. कुणी तोंड उघडेना! अकरा मिनिटं. मलाही मध्ये तोंड घालायची इतकी सवय की शेवटी पेनच चावत बसले.

ढकलगाडीवाला बोलला. "झाकणं घट्ट आहेत, बाई. म्हातारी माणसं उघडू शकत नाहीत. लाजेनं मागत नाहीत, उपाशी झोपतात. काय करावं ते मला नाही माहीत." मी लिहून घेतलं. मग आचारी — "नऊनंतर वॉर्डातून कुणी काही कळवतच नाही." तेही लिहिलं. उत्तर दिलं नाही. उत्तर न देता ऐकणं किती अवघड असतं!

मग नर्सला बोलावलं आणि सगळे मिळून बसलो. योजना मोडायची गरजच नव्हती. साडेअकराला यादी वॉर्डातून पुन्हा तपासायची. बदल झालेल्या खाटेचं ताट लाल झाकणाचं, ते नर्सच्याच हातात द्यायचं. नवीन रुग्णाच्या पहिल्या घासाला कुणीतरी उभं राहायचं. पाच मिनिटं जास्त लागतील.

सगळं मिळून अर्ध्या तासाचं बोलणं. २ तारखेला माझ्याकडे अर्धा तास होता. सही झाल्याच्या आनंदात मी लवकर घरी आले होते.

मंगळवार, ३ मार्च

पळीताईचं निलंबन रद्द. मला ताकीद. योग्य.

सुताराच्या बायकोला भेटायला गेले आणि सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तुम्ही तर म्हणाला होतात, तुमचं इथे कुणी नाही." आणि दार लावलं.

सोमवार, ९ मार्च

पळीताई हजर झाली. मी सगळ्यांसमोर माफी मागितली. विचारलं, काही सांगायचंय? तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "बाई, मी वाढीन. पण तुमच्या हाताखाली नाही. तुम्ही आत आलात की माझा आवाज जातो, अजून जातो. आणि गेला की कुणीतरी मरतं." मी का, कसं, काहीच विचारलं नाही.

दुपारी राजीनामा दिला. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.