गाडी माझी, मालक येईपर्यंत

अण्णा,

आज गाडीचा कागद माझ्या नावावर होऊन आला. तुम्ही असता तर चष्मा वर सरकवून तो दोनदा वाचला असता आणि विचारलं असतं, खाली हे बारीक अक्षरात काय आहे. खाली लिहिलंय की ही मालकी जामिनावर दिलेली आहे. तीन वर्षांत कोणी खरा मालक पुढे आला, तर जामीन राहिलेली कंपनी त्याला भरपाई देईल आणि नंतर ती माझ्याकडून वसूल करेल. म्हणजे गाडी माझी, पण पुरती नाही. इथे सगळे अभिनंदन करतायत. मला मात्र सकाळपासून कालव्यावरची शेळी आठवते आहे, आणि ती आजच का आठवावी, हे तुमच्याशिवाय कोणाला कळेल?

तुम्ही गेलात तेव्हा मी तालुक्याच्या गावीही एकटी गेले नव्हते. आता ह्यूस्टनजवळ, शुगर लँड नावाच्या गावात राहते. रस्ते इतके रुंद की पलीकडच्या दुकानाची पाटी वाचता येते, पण चालत तिथे जाता येत नाही. उन्हाळ्यात हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. गाडी नसेल तर माणूस घरात कोंडला जातो. मी आले तेव्हा ऑफिसमधल्या एका नागपूरकराच्या कुटुंबाने मला महिनाभर ठेवून घेतलं. त्यांना मी दादा-वहिनी म्हणायची. मग दादांची नोकरी गेली, आणि थोड्याच दिवसांत त्यांना देश सोडावा लागला. गाडी त्यांनी मला विकत दिली. निघायच्या आदल्या दिवशी वहिनींनी जेवायला बोलावलं, नको नको म्हणताना वरण वाढलं, चाकांखाली लिंबं ठेवायला लावली. लिंबं फुटली तेव्हा आम्ही सगळे हसलो. पैशांचं पाकीट मी देवापुढे ठेवून मग दिलं. सगळं रीतीनं झालं, फक्त मालकीचा कागद कोणी काढला नाही. वहिनी म्हणाल्या, सामानात कुठेतरी गेलाय, तिकडे पोचलो की पाठवते. मी बरं म्हटलं. ज्यांच्या घरी महिनाभर जेवले त्यांच्याकडे कागद मागायचा म्हणजे खाल्लेल्या मिठावरच शंका घेणं. नंतर फोनवर दादा फार ओशाळून म्हणाले की त्यांनीही ती एका विद्यार्थ्याकडून अशीच घेतली होती, तेव्हाही नुसती लिंबंच ठेवली होती. कागद त्यांच्या नावावर कधी झालाच नव्हता. नोंदीत नुसतं एक नाव आहे, तो माणूस कोण, कुठे आहे, कोणालाच माहीत नाही.

तेवढ्यात गाडीच्या नोंदणीचं काचेवरचं वर्षाचं स्टिकर संपायला आलं, आणि कागदाशिवाय मला नवं मिळेना. त्याच सुमारास आमचं काम शहराच्या दुसऱ्या टोकाला हललं. रोज पोचले नाही तर काम जाईल, काम गेलं की नोकरी, आणि नोकरी गेली की व्हिसा. ऑफिसमधला एक पुण्याचा मुलगा मला काही दिवस त्याच्या गाडीतून नेत होता. तो एकदा म्हणाला, "अगं, हरवला म्हणून नवा कागद मागव, त्या जुन्या मालकाच्या नावाने तूच सही ठोक आणि मोकळी हो. यार, इथे कोण सह्या जुळवत बसलंय?" मी नको म्हटलं. तो हसून म्हणाला, "तू म्हणजे सिग्नल हिरवा झाला तरी खाली उतरून खात्री करशील."

तो थट्टा करत होता, पण मला खिडकीबाहेर कालवा दिसत होता. पाणी मोजायच्या तुमच्या चौकीवर आपण तिघंच. शाळा लांब, म्हणून मी तुमच्यापाशी शिकते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. आई भाकरी थापते, तुम्ही पाण्याच्या पातळीचे आकडे घालून मला वजाबाकी शिकवता. एका संध्याकाळी बांधावरून एक गाभण शेळी येते आणि दाराशी उभी राहते. कोंडवाड्यात जनावरं उपाशी मरतात म्हणून तुम्ही तिला तिथे धाडत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवता. मी तिच्यासाठी बाभळीच्या शेंगा गोळा करते आणि नाव काय ठेवू विचारते. तुम्ही म्हणता, "नाव मालक ठेवेल. आपण सांभाळायची." ती आपल्या अंगणात वितेही. मग बऱ्याच दिवसांनी खालच्या गावची एक म्हातारी येते, शेळीच्या कानावरची खूण दाखवते, आणि तुम्ही दोर तिच्या हातात देता. आई म्हणते, पिल्लू तरी आपल्याकडे झालं ना. तुम्ही म्हणता, "शेळी ज्याची, पिल्लू त्याचं." मग माझ्याकडे वळून, जरा कडक आवाजात, "रडतेस काय? आपली नव्हतीच."

सही मी ठोकली नाही. सरकारी ऑफिसात गाडी माझ्याकडे कशी आली हे लिहून मागितलं, तर मी सगळं लिहिलं, वरण आणि लिंबांसकट. काउंटरवरच्या बाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "हनी, जेवणाचं राहू दे. गाडीचं तेवढं ठेव." त्यांनीच मला जामिनाचा रस्ता दाखवला. अण्णा, तुम्ही सख्ख्या भावाला जामीन राहिला नाहीत. जामीन राहायचं तर माणूस आतून ओळखावा लागतो, म्हणालात, आणि काका पुन्हा दिवाळीला आले नाहीत. इथे कंपनीचा एक अनोळखी माणूस टाय सारखा करत एका दुपारीत माझा जामीन झाला. त्याने मला काही विचारलं नाही, फक्त गाडीचा नंबर आणि किंमत. मीच विचारलं, मालक आला तर? तो म्हणाला, "कोणी येत नाही, मॅम." मी पुन्हा विचारलं, आणि आलाच तर? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्या मालकाला बोलावते आहे.

आता मी रोज कामावर पोचते. नोकरी वाचली. पण पार्किंगमध्ये कोणी गाडीशेजारी रेंगाळलं की मी खिडकीत जाऊन उभी राहते. सीटना कव्हरं घातलेली नाहीत. डॅशबोर्डवर गणपती नाही. पुण्याचा तो मुलगा विचारतो, बाप्पा कुठेय? मी म्हणते, आणायचा आहे. शेळीच्या वेळी मी रोज संध्याकाळी बांधाकडे बघत बसायची, आणि तुम्ही शांतपणे जेवायचात. माझ्या आतापर्यंत लक्षात आलं नव्हतं की तुम्ही मला परत कसं करायचं ते शिकवलंत, पण ठेवून कसं घ्यायचं ते राहूनच गेलं. कधी वाटतं, यावाच तो माणूस एकदाचा, मी किल्ली देते. मग सकाळी हायवेला लागते आणि वाटतं, येऊ नये.

हे पत्र कुठे धाडणार? गाडीच्या कप्प्यात विम्याच्या कागदाखाली ठेवते. कोणी आलंच, तर किल्ली देण्याआधी हे तेवढं काढून घेईन.

आणि एक. शेळीला मी नाव ठेवलं होतं. तुम्ही पाणी मोजायला गेलात की हळूच हाक मारायची, आणि ती वळून बघायची.