माय बसली तरी कमान दबली नाही

माय, तू गेल्यावर मी एका जागी कुठं टिकलो? अकोला, खंडवा, जिथं कोणी गाडी हातात दिली तिथं. आज इथं टपरीवर एक म्हातारी जीपमध्ये चढता चढेना, ड्रायव्हर तिला बखोटीला धरून ओढत होता. माझा चहा तसाच निवला.

आपल्या वरवटच्या कापसाच्या जीनवाल्या शेठनं लढाईनंतर लिलावात मिलिटरीची जीप घेतली होती. तंबूचं कापडही आणलं होतं, त्यातला तुकडा आपल्या गोठ्यावर टाकला तर बैल आठवडाभर आत जाईनात. ते जाऊ दे. काळ्या चिखलात पोट टेकू नये म्हणून मीच चाकावरच्या स्प्रिंगच्या कमानीत ट्रकचे जास्तीचे लोखंडी पाटे घालून ती जीप उंच केली. उंटासारखी झाली, आणि तसेच दणके द्यायला लागली. दुखण्यात तू एकच मागितलंस, नदीपलीकडं पहाडाखाली माहेरी एकदा जायचं. शेठला विचारून मी गाडी दारात आणली. पाटे काढले तर नदीतले दगड पोटाला लागतील, ठेवले तर तुझ्या हाडांना सोसणार नाही. मधली उंची काढायची होती.

तुझ्या वजनाचं म्हणून सीटवर सरकीचं पोतं ठेवलं. पाटा काढायचा, चाकावरची जागा वितीनं मोजायची, पुन्हा पाटा काढायचा. शेवटी कमान पोत्याखाली मऊ झुलायला लागली. मग पोतं उतरवून तुला उचलून बसवलं. कमान दबलीच नाही.

मी चाकापाशी बसून आहे, तू वरून बघतेस. "काऊन रे, काय हरवलं?"

"काही नाही वं माय. पाटे कडक हायेत."

"मंग घे ते पोतंही संगं. मी काही भांडत नाही त्याच्याशी."

पोतं शेजारी ठेवलं तेव्हा कुठं गाडी खाली बसली. नदीपर्यंत तू बोलत होतीस. पहिलाच दगड चाकाखाली आला आणि तू माझा दंड धरलास.

"थांब बाप्पा. इथून दिसते ना आमराई? झालं माह्यं माहेर."

"अजून एक पाटा काढतो, उद्या येऊ."

"सारेच काढ. मंग मले फरफटतच ने." हसलीस, खोकलीस, वळव म्हणालीस.

संध्याकाळी मी तो पाटा काढला. सकाळी तू नव्हतीस.

मामाला आणायला तीच जीप घेऊन गेलो. रिकामी गाडी, नदी सहज पार झाली, पोटाला एक दगड लागला नाही. मामी अंगण सारवत होती. हात तसेच शेणाचे, धावत आली, सीटकडं बघितलं.

"वन्सं कुठी हायेत रे?"

माझ्या तोंडून निघालं, "मांगून येऊन राह्यली."

ती हात धुऊन घरात गेली, तुझ्यासाठी अंथरूण घालायला लागली.

हा कागद टाकायला पत्ता नाही, खिशातच राहील. पण एवढं तुला सांगतो. मामीचं अंथरूण घालून होईस्तोवर मी काही बोललो नाही. आणि तेवढा वेळ, माय, मीही नदीच्या वाटेकडंच बघत होतो.