उकळलेलं पाणी

अहो,

वन्संच्या छोटीला जुलाबामुळे दवाखान्यात ठेवलंय. मी तिकडेच चाललेय. जेवण झाकून ठेवलंय.

थर्मास शोधताना तुमच्या खणात तुमच्या पाणीखात्याचा अहवाल सापडला. आपल्या गल्लीच्या पाइपात गटाराचं पाणी शिरतंय. तारीख दोन महिन्यांपूर्वीची, सही तुमची, वर तुमच्या साहेबांचा शेरा: 'बाहेर वाच्यता नको.' मला म्हणालात, "घसा धरलाय, पाणी उकळत जा." मी बावळट, उकळत राहिले. आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला साहेबांच्या भीतीने चकार शब्द सांगितला नाहीत!

सकाळी वन्सं रडत विचारत होत्या, "वहिनी, तुमच्याकडे कसं कुणीच आजारी पडत नाही?"

तेव्हा मी "देवाची कृपा" म्हणाले. आता खरं उत्तर तुम्ही येऊन द्या.